फार्म जॅक गाडीत नेमका कुठं ठेवायचा

चार फुटी फार्म जॅक घरी आला की पहिले दोन दिवस आपण त्याच्याकडे कौतुकानं बघतो, तिसऱ्या दिवशी तो हॉलमधे सोफ्यामागं उभा असतो आणि घरातून विचारणा सुरू होते की हे धूड इथून कधी हलणार. मग तो गाडीत 'कुठंतरी' टाकला जातो. आणि सगळी गडबड त्या 'कुठंतरी'मधेच आहे, कारण स्टेपनी, दोरी, फावडं ह्या गोष्टी गाडीत कशाही पडल्या तरी चालून जातं, पण ह्या जॅकला नीट जागा नसेल तर तो एकतर तुम्हाला मारणार नाहीतर नेमका लागेल तेव्हा चालणार नाही.

मी बोलतोय तो हाय-लिफ्ट टाइपचा जॅक, भोकं पाडलेला उभा दांडा आणि त्यावर पायरी पायरीनं चढणारं डोकं असलेला. अमेरिकेत इंडियाना राज्यात ब्लूमफील्डला १९०५ पासून बनतो, मूळचं काम शेतावरचं, म्हणून नाव फार्म जॅक. आपल्याकडे त्याच्या कॉप्याही भरपूर मिळतात. ४८ इंची म्हणजे १२२ सेंटिमीटर लांब आणि वजन १३ किलोच्या आसपास. घरगुती सिलेंडरमधे गॅस असतो १४.२ किलो, म्हणजे जवळजवळ तेवढंच, फक्त इथं ते सगळं लांब टोकदार लोखंडात आहे. ६० इंची पण येतो पण आपल्याकडच्या गाड्यांना त्याची काही गरज नाही, उगाच एक फूट जास्त सांभाळत बसायचं.

जागा ठरवायच्या आधी एक छोटं काम करा. जॅक गाडीला लावून बघा, लागतो तरी का. आत्ताच्या थारला, जिम्नीला कंपनीचे बंपर प्लास्टिकचे आहेत, त्याखाली जॅकचं नाक, म्हणजे डोक्याचा पुढं आलेला भाग, घातलं तर बंपरच हातात येईल. स्टीलचा बंपर किंवा चॅसीला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) बोल्ट केलेला रॉक स्लायडर, म्हणजे दाराखालचा लोखंडी बार, असेल तर ठीक, नाहीतर चाकाच्या स्पोकमधे अडकवून चाकच उचलायची हुकवाली ॲटॅचमेंट घ्या. ह्यातलं काहीच नसेल तर तो जॅक तुमच्या गाडीवर शो-पीस आहे आणि शो-पीससाठी एवढे बोल्ट मारायची गरज नाही, घरीच राहू दे, बॉटल जॅक (बाटलीच्या आकाराचा छोटा हायड्रॉलिक जॅक) आणि एक जाड फळी घेऊन फिरा.

आता जागा. माझा हिशोब सरळ आहे, दोनच गोष्टी बघायच्या. गाडी एका बाजूला कलली आहे, गुडघाभर चिखल आहे, अंधार पडलाय, अशा वेळी तो तुमच्या हाताला येतो का. आणि गाडी जोरात आपटली किंवा पलटली तर तो जागेवर राहतो का. बाकी दिसतो कसा वगैरे सगळं नंतर.

समोरच्या बंपरवर. सगळ्यात आधी सगळ्यांना हीच जागा सुचते, मलाही सुचली होती, जुन्या जीपला पुढं आडवा लावलेला जॅक दिसतो पण झकास. सहा-सात महिने तो तिथंच होता आणि मी रोज बघत होतो, धुत मात्र नव्हतो. मग जुलैमधे चिपळूणच्या बाजूला एका खाचराच्या कडेला डावं मागचं चाक खोल बसलं. जॅक काढला, फळी टाकली, हँडल मारतोय मारतोय आणि डोकं जागचं हलत नाहीये. ह्या जॅकमधे दोन छोट्या पिना असतात, स्प्रिंगवर आत-बाहेर होतात, एक भोकात शिरते तेव्हा दुसरी सुटते, असं करत करत डोकं वर चढतं. माझ्या दोन्ही पिनांभोवती लाल मातीचं पॅकिंग झालं होतं, उन्हाळ्यात बंपरवर भाजून विटेसारखं कडक. पावसात उभं राहून प्यायच्या पाण्याच्या दोन बाटल्या त्याच्यावर ओतल्या, टूथब्रश नव्हता म्हणून बाभळीच्या काडीनं कोरत बसलो, तेवढ्यात एक काका बैल घेऊन घरी चालले होते ते थांबले. 'काय वो, मशीन अडकलं?' मी म्हटलं हो काका, माती गेलीये. ते म्हणाले, 'मग त्याला गोठ्यात ठेवायचं, तोंडाला कशाला बांधलंत?' आणि दगड आणून द्यायला लागले. गाडी शेवटी दगडांवरच निघाली.

तर समोरच्या बंपरवर पुढच्या गाडीचा सगळा चिखल आणि पाण्यात उतरलात की सगळं गढूळ पाणी थेट पिनांवर येतं. वर अजून एक भानगड आहे. डिसेंबर २०१७ मधे केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना कळवलं की गाड्यांवर लावलेले बुल बार, क्रॅश गार्ड हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहेत, कारवाई करा. कारण पण बरोबर होतं, चालत्या माणसाला धडक बसली की तो लोखंडाचा बार जीव घेतो. आता बंपरच्या पुढं आलेला लोखंडी दांडा बघून आरटीओवाला किंवा हवालदार 'हा जॅक आहे साहेब' हे ऐकून घेईल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि खरं सांगायचं तर माणसाच्या पायाला बार काय अन जॅक काय.

बोनेटवर. अमेरिकेत जीप रँग्लरवाले बोनेटच्या बिजागऱ्यांना ब्रॅकेट लावून काचेच्या खाली आडवा बांधतात, तिकडं त्याचे तयार ब्रॅकेट मिळतात. हाताला पटकन येतो हे मान्य. पण समोरचं दिसणं कमी होतं, ऊन पडलं की दांड्यावरून डोळ्यावर चमक मारते, बोनेट उघडताना दरवेळी १३ किलो जास्त उचलायचे. आणि एक नट ढिला झाला तर तो तुकडा जाणार कुठं? तुमच्याच काचेवर. मला ही जागा अजिबात आवडत नाही.

टपावर, म्हणजे रूफ रॅकवर. इथं जॅक सगळ्यात स्वच्छ राहतो हे अगदी खरं, धूळ चिखल तिथवर फार पोचत नाही. पण गाडीचं मॅन्युअल काढून टपावर किती किलो चालतं ते बघा, छोट्या गाड्यांत निम्म्याच्या वर मर्यादा तर नुसता लोखंडी रॅकच खाऊन टाकतो. आणि वजन जेवढं वर तेवढी गाडी कलताना जास्त झुकते, ज्या उतारावर तुम्हाला जॅक लागणार आहे नेमक्या त्याच उतारावर तो तुम्हाला उलथवायला मदत करतोय. वरून काढतानाची कसरत वेगळीच, ओल्या टायरवर एक पाय, डोक्यावर १३ किलो लोखंड. तरी टपावरच ठेवायचा असेल तर रॅकच्या मधोमध पसरू नका, रॅकच्या बाहेरच्या कडेला, डाव्या बाजूला उभ्या पट्टीवर लावा म्हणजे जमिनीवर उभं राहून हात पोचतो. डाव्या बाजूला अशासाठी की आपण डावीकडून चालतो, रस्त्याच्या कडेला थांबलात तर सामान काढताना मागून ट्रक यायची बाजू नको. हा डावीचा नियम टपापुरता नाही, कुठंही लावा, डावी आधी बघा. आणि हो, जॅकसकट उंची मोजून एका चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला चिकटवा, मॉलच्या बेसमेंटमधे कामाला येईल.

मागच्या दारावर, स्टेपनीपाशी. थार आणि जिम्नी दोन्हीला स्टेपनी मागच्या दारावर आहे आणि बाजारात स्टेपनीच्या नटांवरच बसणारे जॅकचे ब्रॅकेट मिळतात, स्वस्त आहेत आणि अर्ध्या तासात बसतात, म्हणून लोक घेतात. पण बिजागरीचा विचार करा. दार स्वतः, त्यावर वीस-तीस किलोच्या घरातली स्टेपनी, आणि तिच्याही बाहेर हे १३ किलो. जेवढं वजन बिजागरीपासून लांब तेवढा मार जास्त, आणि खड्ड्यात गाडी आपटते तेव्हा तोच मार दर सेकंदाला पडतो. वर्षभरात दार लागताना थोडं उचलून लावावं लागतंय असं वाटलं तर समजा बिजागरीनं हात टेकले. मागं लावायचाच असेल तर स्टीलच्या मागच्या बंपरवर स्वतःच्या बेअरिंगवर फिरणारा वेगळा कॅरियर येतो तो घ्या, त्याचं वजन चॅसीवर जातं, दारावर नाही. जॅक उभा लावणार असाल तर रिव्हर्स कॅमेरा, वरचा ब्रेक लाइट आणि नंबर प्लेट झाकली जात नाही ना बघा, नंबर प्लेट झाकली तर पावती नक्की. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, कच्च्या रस्त्यावर सगळ्यात जास्त धूळ गाडीच्या पाठीवर बसते, कारण चालत्या गाडीमागं हवेची पोकळी होते आणि चाकांनी उडवलेली धूळ त्यात ओढली जाते. मागची काच बघा, कळेल. तीच धूळ पिनांवर. म्हणून मागं लावलात तर डोक्यावर कव्हर पाहिजेच.

स्लायडरवर, दाराच्या खाली बांधलेलेही बघितलेत मी. वजन खाली राहतं एवढंच चांगलं. दगड लागतात, चिखल भरतो, उतरताना नडगी फुटते. सोडून द्या.

पिकअपवाल्यांचं मात्र बरं आहे, व्ही-क्रॉस नाहीतर हायलक्स असेल तर हौद्यात, केबिनच्या मागच्या भिंतीला लागून आडवा बांधा, ह्याच्यापेक्षा चांगली जागा कुठल्याच गाडीत नाही.

आणि गाडीच्या आत. माझा जॅक आता आत आहे, काकांच्या भाषेत गोठ्यात. स्वच्छ, कोरडा, चोरीची भीती नाही, वजन खाली. पण आत ठेवायची एक मोठी अट आहे. हिशोब करून बघा, ताशी ५० नं चाललेली गाडी धडकून अर्ध्या मीटरमधे थांबली तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या साधारण २० पट जोर येतो. १३ गुणिले २० म्हणजे २६० किलो. सिमेंटची पाच पोती, एकावर एक, टोकदार, तुमच्या मानेमागं. म्हणून रबरी बंजी दोरीनं बांधलेला जॅक हा बांधलेला नसतोच, बंजी ताणली जाते आणि जॅक निघतो. सीटखाली सरकवून ठेवणं पण तसलंच. आत ठेवायचा तर लोखंडाला बोल्टनं, नाहीतर आत नकोच.

माप आधी घ्या. जिम्नीची बाहेरून रुंदीच १६४५ मिमी, आत चाकांच्या फुगवट्यांमधे जागा खूपच कमी, तिथं १२२ सेंटिमीटरचा दांडा आडवा बसायचा नाही. मग मागची डावी सीट पाडून लांबीत ठेवायचा, किंवा अजून जॅक घेतलाच नसेल तर ४२ इंची घ्या, तो साधारण १०७ सेंटिमीटर भरतो, आपल्या छोट्या गाड्यांना तेवढी उचल पुरते. खालची बेस प्लेट पिन काढली की सुटते, ती वेगळी ठेवली तर जॅक चपटा होतो आणि कोपऱ्यात नीट बसतो. फक्त ती पिन हरवू नका, दांड्यालाच तारेनं बांधून ठेवा. खांबाला, छताच्या कडेला आत काही बोल्ट करायच्या आधी कर्टन एअरबॅग कुठून जातात ते बघा, जिम्नीत सहा एअरबॅग आहेत, त्यातल्या दोन छताच्या कडेनं उघडतात, त्यांच्या वाटेत लोखंड म्हणजे बंदूकच.

बसवायचं काम मी भोसरीत एका फॅब्रिकेशनवाल्या मामांकडून करून घेतलं. मी म्हटलं मामा, फ्लोअरला दोन भोकं पाडा आणि बोल्ट मारा, दहा मिनिटांचं काम. त्यांनी पत्र्यावर बोटानं टकटक करून बघितलं आणि म्हणाले, 'साहेब, एवढं जड लोखंड ह्या पापडाला धरून राहील व्हय? बोल्ट नाही तुटायचा, पत्रा फाटून बोल्ट वर येईल.' मग त्यांनी खालून तीन एमएमच्या पट्टीचे हातभर तुकडे टाकले, दोन्ही बोल्ट त्या पट्ट्यांतून. हीच ती खरी गोष्ट आहे, बाहेर लावा नाहीतर आत, पत्र्याच्या मागं पट्टी पाहिजे, नुसता वॉशर चालत नाही.

भोक पाडायच्या आधी गाडीखाली झोपून स्वतः बघा, डिझेलची टाकी, ब्रेकचा पाइप, वायरिंग कुठनं गेलंय. ड्रिलच्या टोकाला लाकडाचा ठोकळा घाला म्हणजे ते एकदम आरपार घुसत नाही. भोकाच्या कडेला प्रायमर, मग सिलिकॉन, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज चालू. बोल्ट १२ एमएमचे, ८.८ ग्रेडचे, डोक्यावर तसा आकडा असतो तो बघून घ्या, दांड्याच्या भोकातून आरामात जातात. नट नायलॉनवाले घ्या, साधे नट खडखडीनं सुटतात. दोन बोल्टमधे जेवढं जास्त अंतर ठेवता येईल तेवढं ठेवा, दोन्ही मधेच मारले तर टोकं झोके घेतात आणि भोकं मोठी होत जातात. बोल्टची टोकं वर येतात त्यांच्यावर दांडा बसतो आणि वरून हातानं फिरवायचे मोठे नॉब, पाना लागता कामा नये. बाहेर लावलात तर एका बोल्टला भोक पाडून कुलूप घाला, आणि कुलपाची चावी गाडीच्याच किल्लीच्या जुडग्यात, नाहीतर चावी पुण्यात आणि तुम्ही हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी.

झालं, बसला. आता पहिल्याच खराब रस्त्यावर तो खडखडायला लागेल आणि बायको विचारेल की गाडीचं काय तुटलंय. हा आवाज बहुतेक वेळा हँडलचा असतो, हँडल दांड्यावर आपटत राहतं. त्याला रबरी क्लिप मिळते, नाहीतर सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन इंची चकती कापून दांडा आणि हँडल दोन्हीवर चढवा, फुकटात काम. ही चकती आवाजासाठीच नाही, हँडल मोकळं राहिलं तर जॅक काढताना ते फटकन खाली येतं आणि बोटावर बसतं. दुसरं म्हणजे दिशा बदलायची जी कळ असते ती ठेवताना कायम 'वर'च्या बाजूला असू द्या. 'खाली' ठेवलीत तर, वजन नसताना जॅकचं डोकं आपोआप सुळकन घसरतं, उचलताना मधे हात असला की संपलं.

देखभालीचं थोडक्यात. ट्रिपवरून आलात की गाडी धुताना त्यालाही पाण्याचा फवारा, पिनांपाशी ब्रश, मग उन्हात पूर्ण वाळवा. नंतर डब्ल्यूडी-४० किंवा सिलिकॉन स्प्रे किंवा शिवणयंत्राचं पातळ तेल, दोन-चार थेंब. ग्रीस आणि इंजिन ऑइल अजिबात नाही, कंपनीचं मॅन्युअलही हेच सांगतं, कारण ग्रीसला धूळ चिकटते आणि तीच माती मग पिना धरून ठेवते. बाहेर असेल तर डोक्याला कव्हर, सीट कव्हर शिवणारा रेक्झिनचं पन्नास प्रकारे शिवून देईल, त्याला सांगा खालून उघडं ठेव. प्लास्टिकची पिशवी गुंडाळून चिकटपट्टी मारणारे लोक आहेत, आत ओल कोंडते आणि कोकणात किनाऱ्याजवळ राहत असाल तर महिनाभरात तांबूस झालेला दिसेल. पावसाळ्यात गाडी उभीच असेल तर जॅक काढून घरात आणा, सोफ्यामागं नको, बाल्कनीत आडवा ठेवा, उभा टेकवलेला जॅक घसरतो आणि घरात लहान मूल असेल तर ते फारच वाईट.

जॅकच्या शेजारीच अर्धा-पाऊण इंची प्लायची फूटभर बाय फूटभर फळी, एक टूथब्रश, स्प्रेची छोटी बाटली आणि जाड हातमोजे एकाच पिशवीत. फळी दुसरीकडं ठेवलीत तर चिखलात जॅक खाली जाईल आणि गाडी तिथंच राहील. आणि ट्रिपच्या आदल्या दिवशी, सोसायटीच्या पार्किंगमधे, जॅक काढून हँडलनं डोकं दहा भोकं वर आणि दहा भोकं खाली नेऊन बघा, खाली नेताना जॅकच्या नाकावर वरून जोर देऊन, पिना टक टक वाजतात का ते ऐका. माझा वॉचमन दर वेळी विचारतो साहेब पंक्चर का, मी म्हणतो अजून नाही.